बाकाखाली

घड्याळांच्या शाळेत पहिले तीन महिने
घड्याळ दिसतच नाही.
कानस, पितळेचा तुकडा,
आणि युगनँ सरांचं एकच वाक्य:
अजून दोन शतांश.

बेचाळिसाव्या वर्षी
मी ला शो-द-फोंच्या या वर्गात येऊन बसले.
शेजारी तिमोते, वय सतरा,
दर तासाला भूक लागते त्याला.
मला म्हणतो, मादाम.

वेळ मारून नेणं मला आधीपासून येत होतं.
घरभाड्याची वेळ, वकिलाच्या पत्रांची,
जेरोम गाडीसकट गेला
त्यानंतरच्या सगळ्या सोमवारांची.
वेळ लावणं तेवढं शिकायचं राहिलं होतं.

आई याच गावात, स्वयंपाकघराच्या टेबलावर
केशस्प्रिंगा जुळवायची.
डझनावर मजुरी.
ती भिंग डोळ्याला लावून बसली
की आम्हाला शिंकायची बंदी.
आता तिचा उजवा हात थरथरतो.
एका रात्री मी मोजलं:
सेकंदाला साधारण पाच.
खिशातल्या जुन्या घड्याळाचे ठोके एवढेच.
तिला सांगितलं तर हसली, म्हणाली,
मग बघ की, पुढे पळतेय का मागे.

सहाला वर्ग सुटतो.
साडेसहाला मी त्याच वर्गाचा केर काढते.
निळा डगला उतरवून हिरवा चढवला
की माणूस कुणाला दिसत नाही.
सुपलीत स्क्रू येतात,
मोहरीसुद्धा त्यांच्यापुढे भोपळा.
काडेपेटीत जपते, सकाळी गुपचूप
ज्याचे त्याच्या तबकात ठेवते.
तिमोतेला वाटतं, त्याचं नशीब जोरावर आहे.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी लिहून दिलं
की आईला यापुढे एकटं ठेवू नये.
बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत.
त्याच दिवशी माझ्या चिमट्यातून
स्प्रिंग उडाली.
चार दिवस घासून केलेली,
पापणीच्या केसाएवढी.
उडताना आवाज नाही.
फक्त चिमटा अचानक रिकामा.

अशा वेळी नियम ठरलेला:
कुणी खुर्ची हलवायची नाही,
सगळ्यांनी गुडघ्यांवर.
अकरा जण फरशीला गाल लावून,
हातात बॅटऱ्या,
माझ्या स्प्रिंगसाठी रांगत होते.
आणि मी बाकाखाली, जिथे उजेड पोचत नाही,
रडून घेतलं.
तिथे ते जमतं. नाक ओढलं तर
धुळीचं निमित्त असतं.

सापडली नाही.

संध्याकाळी मी झाडू फिरवत होते
आणि युगनँ सर मफलर विसरला म्हणून परत आले.
हिरवा डगला पाहिला. मला पाहिलं.
काही बोलले नाहीत.
एकसष्ट वर्षांचा माणूस,
एका हाताने बाक धरून खाली बसला,
गुडघे कडाडले,
आणि आम्ही दोघं पुन्हा शोधू लागलो,
दारापासून, टाइल टाइल करत.
नाहीच सापडली.
उठताना म्हणाले,
माझी पहिली अजून सापडायची आहे.
मग पाय उचलून उभे राहिले,
मला तेवढी फरशी झाडता यावी म्हणून.

सकाळी माझ्या तबकात
पोलादाची नवी पट्टी होती.

जूनमध्ये घड्याळ चाललं.
परीक्षेला अजून आठवडा होता.
ते घरी नेऊन आईच्या हातावर ठेवलं.
हात थरथरत होता, वरचा काटा शांत फिरत होता.
पडेल म्हणून मी ओंजळ खाली धरली.
दुसऱ्या हाताने मनगट आवरून
तिने ते कानाशी नेलं,
डोळे मिटले.
बराच वेळ.
खाली रस्त्यावर दुधाची गाडी येऊन गेली.

लंगडतंय, म्हणाली.
डावा ठोका जड पडतोय गं, जरासा.

मी तिच्यावर चिडले.
चहाचा कप आपटला.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन
घड्याळ यंत्रावर लावलं.
कागदाची पट्टी बाहेर आली:
ठिपक्यांच्या दोन रेघा,
एकमेकींपासून जराशा दूर.

भिंग लावलं.
केशस्प्रिंगेचं टोक
केसभर सरकवलं.